पन्नास सेंटांची अट

कोव्हिशिल्डमुळे हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटचं नाव घराघरांत पोचलं. त्याच्या दहा वर्षं आधी याच कंपनीने एक लस बाजारात आणली होती. चाचणीतले थोडे स्वयंसेवक सोडले तर आपल्याकडे ती कुणी घेतली नाही, आणि घेण्याचं कारणही नव्हतं. तिचं नाव मेनआफ्रिव्हॅक. गिऱ्हाईक कोण ते नावातच आलं. औषधनिर्माणाची आणि व्यवस्थापनाची पोरं एका वर्गात बसवायची वेळ आली की मी हेच प्रकरण काढतो. यात वैद्यक कुठे संपलं, कारखान्यातली अभियांत्रिकी कुठे सुरू झाली आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात होती, हे सुटं करता येत नाही.

आधी रोग. सहाराच्या दक्षिणेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, आफ्रिकेच्या कमरेला बांधल्यासारखा एक पट्टा आहे. २६ देश, सुमारे ४५ कोटी माणसं. तिथे डिसेंबर ते जून हा मेनिंजायटिसचा हंगाम. वाळवंटाकडून हर्मॅटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो, घसे सोलवटतात, आणि घशात निमूट बसलेला मेनिंगोकॉकस नावाचा जंतू रक्तात उतरून मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. पाऊस पडला की साथ ओसरते. आपण मराठीत याला सरसकट 'मेंदूज्वर' म्हणून मोकळे होतो, पण त्या शब्दात डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वरही येतो, म्हणून इथे मेनिंजायटिसच म्हणू. प्रतिजैविकं मिळाली तरी दहातला एखादा दगावतो. वाचलेल्यांत कुणाची ऐकण्याची शक्ती जाते, कुणाला झटके येऊ लागतात.

१९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५ हजार मृत्यू नोंदले गेले. नोंदले गेले हे महत्त्वाचं. गावातच गेलेल्यांचा हिशेब कुठे असणार? जंतूचे अनेक गट आहेत, पण या पट्ट्यातल्या मोठ्या साथी मुख्यतः 'ए' गटाच्या होत्या. आणि लस नव्हती असंही नाही. जंतूच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. ते कवच काढून, शुद्ध करून टोचायचं, अशी पॉलिसॅकराइड लस कित्येक वर्षं वापरात होती. तिच्यात तीन खोट होत्या. लहान मुलांच्या शरीराला नुसती साखर नीट ओळखता येत नाही. मोठ्यांतही संरक्षण काही वर्षांतच विरतं. आणि लस घेतलेला माणूस स्वतः आजारी पडला नाही तरी त्याच्या घशातला जंतू तसाच राहतो, दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे आधी टोचून ठेवण्यात अर्थ नव्हता. साथ लागली, रुग्णसंख्या ठरावीक रेषेपलीकडे गेली, की लस मागवायची. ती गावात पोचेपर्यंत अनेकदा साथीचा भर ओसरलेला असे. आग विझल्यावर बंब, असा तो प्रकार.

१९९६-९७ नंतर आफ्रिकेतल्या देशांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे धरणं धरल्यासारखी मागणी लावली: आम्हाला टिकणारी लस द्या. तिचं तंत्र जगाला माहीत होतं. साखरेची साखळी एखाद्या प्रथिनाला रासायनिक गाठीने बांधली, की शरीर प्रथिनाच्या निमित्ताने साखरही ओळखायला शिकतं, तान्ह्या मुलांतसुद्धा. याला कॉन्ज्युगेट लस म्हणतात. १९९९ मध्ये ब्रिटनने 'सी' गटाविरुद्ध अशीच लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली होती आणि तिचा परिणाम लगेच दिसला होता. म्हणजे विज्ञान तयार होतं. 'ए' गटासाठी ती कुणी करत नव्हतं, कारण 'ए' गटाने मरणारे गरीब देशांत होते.

किंमत आधी, लस नंतर

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले आणि जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही अमेरिकी संस्था यांनी मिळून मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट सुरू केला. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. प्रकल्पाने पहिल्याच टप्प्यात आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं की लस केवढ्याला असली तर तुम्ही घ्याल. उत्तर आलं: एका मात्रेला पन्नास सेंटच्या आत. तेव्हाच्या दराने २३-२४ रुपये.

इथे मी वर्गात थांबतो. सहसा लशीचा प्रवास उलटा असतो. शोध लागतो, चाचण्या होतात, कारखाना उभा राहतो, मग झालेला खर्च आणि नफा मांडून किंमत निघते, आणि शेवटी गरीब देशांसाठी सवलतीची भाषा सुरू होते. इथे किंमत पहिल्या पानावर लिहिली गेली आणि बाकी सगळं तिच्या मापाने शिवायचं ठरलं. एखादा पूल बांधताना 'इतक्या टनांचा ट्रक गेला पाहिजे' असं जसं आधी लिहितात, तसं 'पन्नास सेंट' हे लिहिलं गेलं. अभियंत्याला हे लगेच कळतं. व्यवस्थापनवाल्या पोरांना पटायला वेळ लागतो; त्यांना किंमत म्हणजे शेवटी ठरवायची गोष्ट असं शिकवलेलं असतं.

मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांशी बोलणी झाली, ती फिसकटली. यात खलनायक शोधायची घाई करू नये. ज्या कंपनीकडे कॉन्ज्युगेट लशीचं तंत्र होतं तिच्याकडे श्रीमंत देशांच्या मागण्याही रांगेत उभ्या होत्या. कारखान्यातली एक वाहिनी पन्नास सेंटच्या लशीला दिली, तर तिच्यावर दुसरी, कितीतरी महाग लस करायची राहते. भागधारकांना हा हिशेब कोण समजावणार? प्रकल्पाने मग वेगळी मांडणी केली, आणि तिच्याविषयी २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलंही: एका कंपनीने सगळं करावं हा आग्रह सोडायचा. कच्चा माल एकाकडून, तंत्र दुसऱ्याकडून, उत्पादन तिसऱ्याकडे. साखरेची साखळी ॲमस्टरडॅमची सिन्को बायो पार्टनर्स देणार. गाठ मारण्याची रीत दुसरीकडून येणार. साखर जिला बांधायची ते प्रथिन, म्हणजे धनुर्वाताचं टॉक्सॉइड (जंतूचं निर्विष केलेलं विष), आणि प्रत्यक्ष लस पुण्यात.

पुणंच का, याचं एक उत्तर स्वस्त मनुष्यबळ असं देतात. ते अर्धवट आहे. सिरम १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी काढली, ती घोड्यांच्या जोरावर. त्यांच्या स्टड फार्मवरची निवृत्त घोडी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे प्रतिद्रव्यांसाठी जात. ते काम आपणच का करू नये, इथून सुरुवात झाली. धनुर्वात हा या कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या मालांतला. गाठ मारायला जे प्रथिन लागणार होतं, ते धनुर्वाताचं टॉक्सॉइड, ती वर्षानुवर्षं घाऊक प्रमाणात करत होती आणि तिच्या लशी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था विकत घेत होत्या. पन्नास सेंटच्या हिशेबातला एक मोठा भाग असा घरातच होता. शिवाय कंपनी कुटुंबाची, शेअर बाजारात नसलेली. दर तीन महिन्यांनी नफ्याचा आलेख दाखवायची तिच्यावर सक्ती नव्हती. माझ्या मते हा मुद्दा मजुरीच्या दरापेक्षा मोठा आहे.

गाठ

सगळ्यात अडलं होतं ते गाठीपाशी. साखर आणि प्रथिन एकत्र ढवळले म्हणून जोडले जात नाहीत. जुन्या रीतींत घातलेल्या साखरेचा लहानसा भागच प्रथिनाला चिकटे, उरलेला वाया जाई. साखर हा सगळ्यात महाग घटक; तो असा सांडत राहिला तर पन्नास सेंट गाठणं केवळ अशक्य. म्हणजे रसायनातलं उत्पन्न किती, हा थेट किमतीचा प्रश्न होता.

उत्तर निघालं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत. तिथले कार्ल फ्रॅश आणि चे-हुंग रॉबर्ट ली यांनी हायड्रॅझिनची वाट धरली होती. साखरेच्या साखळीवर पेरीआयोडेटची प्रक्रिया करून तिच्यावर अल्डिहाइडचे हात काढायचे. दुसरीकडे धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला हायड्रॅझिनने असं तयार करायचं, की ते हे हात पटकन धरेल. दोन्ही एकत्र आले की गाठ लवकर आणि भरपूर बसते. शेवटी बोरोहायड्राइड घालून ती पक्की करायची. पूर्वीच्या मानाने वाया जाणारी साखर खूप कमी. हे तंत्र सरकारी प्रयोगशाळेचं असल्यामुळे परवाना मिळवणंही आवाक्यातलं ठरलं, आणि गरीब देशांसाठीच्या लशीला कुणाची जाचक रॉयल्टी चिकटली नाही.

कागदावरचं रसायन आणि कारखान्यातलं रसायन यांच्यात मात्र मोठी दरी असते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात जे काही मिनिटांत मिसळतं, ते शेकडो पट मोठ्या टाकीत मिसळायला वेगळी ढवळणी, वेगळा वेळ, वेगळं गाळणं लागतं. प्रत्येक पायरीवर उरलेलं रसायन पूर्ण निघून गेलं हे सिद्ध करावं लागतं, कारण हायड्रॅझिन अंगात जाऊ देण्यासारखी चीज नाही. प्रत्येक खेपेतून तीच लस निघाली पाहिजे, नाहीतर परवानाच नाही. सिरमचे शास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन हात बसवून आले आणि मग पुण्यात माप वाढवत नेलं. या कामावरच्या शोधनिबंधात फ्रॅश आणि ली यांच्या जोडीला सुभाष कापरे यांच्यासारखी सिरमची नावं आहेत. प्रकल्पाचा दुसरा आधार होते डॉ. सुरेश जाधव, आधी हाफकिनमध्ये काम केलेले. पुढे सिरम साखरसुद्धा स्वतःच बनवू लागली.

'ए' गटाच्या साखरेचा आणखी एक स्वभाव होता: पाण्यात ती टिकत नाही, हळूहळू तुटत जाते. म्हणून लस द्रवरूपात ठेवता येईना. ती गोठवून सुकवायची आणि टोचायच्या वेळी ॲल्युमिनियम फॉस्फेटच्या द्रावणात कालवायची, दहा मात्रांची एक कुपी, असं ठरलं. तेव्हा ही अडचण वाटली असेल. पुढे तिचीच मदत झाली.

चाचण्या

पहिली चाचणी भारतात, २००५ मध्ये, ७४ निरोगी तरुण पुरुषांवर. तिचा शोधनिबंध मुंबईच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांचा. मग २००६ पासून माली आणि गांबियातली बालकं, पुढच्या वर्षी सेनेगलही. निकाल २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. सुमारे वर्ष-दीड वर्षाच्या मुलांत नव्या लशीनंतर ९६ टक्क्यांत प्रतिद्रव्यं चौपट किंवा जास्त वाढली. जुन्या साखरेच्या लशीनंतर हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होतं.

आफ्रिकेतल्या चाचण्यांची काळजी वेगळी होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९९६ च्या त्याच साथीत नायजेरियातल्या कानो शहरात एका अमेरिकी औषध कंपनीने सुमारे २०० आजारी मुलांवर आपल्या नव्या प्रतिजैविकाची चाचणी केली होती. ११ मुलं दगावली, पालकांची संमती घेतली होती का यावरून खटले झाले आणि २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. मधल्या काळात, २००३ मध्ये, त्याच कानोने पोलिओच्या डोसावर बहिष्कार टाकला होता. अशा वातावरणात 'तुमच्या मुलांवर नवी लस' म्हणत जायचं होतं. मालीत ते काम साम्बा सो या मालीच्याच डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली झालं, आणि हा तपशील प्रतिद्रव्यांच्या आकड्याइतकाच वजनदार आहे.

जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना लस विकत घेता यावी यासाठीची मान्यता, मिळाली. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि दहाएक दिवसांत १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांना लस टोचून झाली. वय १ ते २९. तरुणांना का, असा प्रश्न येतो. जंतू घशात घेऊन फिरणारे तेच, आणि त्यांच्या घशातून तो हटला तर न टोचलेलेही वाचतात. किंमत पडली सुमारे ४० सेंट, म्हणजे अटीपेक्षा कमी.

चाळीस अंश

आता ती सुकवलेली कुपी. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या कुणालाही शीतसाखळीचा जाच सांगायला नको. २ ते ८ अंश, आईस पॅक, डबा, तापमानाची वही, आणि दर पावसाळ्यात जाणारी वीज. बेनिनमधल्या एखाद्या खेड्यात मार्च महिन्यात बर्फ कुठून आणायचा? बर्फ गोठवायला फ्रीझर, फ्रीझरला जनरेटर, जनरेटरला डिझेल, डिझेल आणायला गाडी. चाळीस सेंटची लस या साखळीत महाग होत जाते.

लस सुकी असल्यामुळे उष्णतेत बरीच टिकते, हे तपासणीत दिसत होतं. पण लेबलवर २ ते ८ अंश छापलेलं असताना बाहेर ठेवली तर दोष परिचारिकेचा. म्हणून माहिती गोळा करून नियामकांपुढे ठेवली गेली आणि २०१२ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी लेबल बदलायला मान्यता दिली: कालवण्यापूर्वी ४० अंशांपर्यंत, जास्तीत जास्त चार दिवस शीतसाखळीबाहेर चालेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बेनिनच्या बानिकोआरा भागात ते करून पाहिलं, दीड लाखांवर लोकांना टोचून. कुपीवर उष्णतेने रंग बदलणारं चिन्ह, सोबत ४० अंश ओलांडले की काळवंडणारं कार्ड, इतकीच सामग्री. चाडमधल्या नंतरच्या अभ्यासात शीतसाखळी आणि वाहतुकीचा खर्च अशा पद्धतीने सुमारे निम्म्यावर येईल असं दिसलं.

माझ्या लेखी या प्रकरणातलं सर्वांत चोख काम हे लेबलचं. त्यात नवा रेणू नाही की नवं यंत्र नाही. माहीत असलेली गोष्ट कागदोपत्री सिद्ध करून आरोग्यसेविकेच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. पुरस्कार मात्र अशा कामांना क्वचितच मिळतात.

चाड

लस खरंच काम करते का, याचं उत्तर एका दिरंगाईने दिलं. चाडमध्ये २०११ च्या अखेरीला राजधानी एन्जामेना आणि आसपासच्या भागात सुमारे १८ लाख लोकांना लस मिळाली, उरलेल्या देशाची पाळी पुढच्या वर्षी होती. मध्येच, २०१२ च्या हंगामात, साथ आली. एकाच देशात, एकाच हंगामात, टोचलेले भाग आणि न टोचलेले भाग. मुद्दाम अशी विभागणी केली असती तर नीतिमत्ता समितीने दारातूनच परत पाठवलं असतं. टोचलेल्या भागात लाखात सुमारे अडीच रुग्ण, इतरत्र लाखात जवळजवळ ४४. फरक ९४ टक्के. घशाच्या तपासणीत लशीपूर्वी ४,२७८ जणांत ३२ वाहक होते. लशीनंतर ५,००१ जणांत एक. जुनी लस जे कधीच करू शकली नाही ते हेच.

२०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' गटाचा एकही रुग्ण पक्का नोंदला गेलेला नाही. एकूण ३५ कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली.

वहीचं दुसरं पान

इथवर ऐकून वर्ग खूष असतो. मग मी विचारतो, पन्नास सेंटमध्ये काय काय धरलं नाही? विकासाचे ७ कोटी डॉलर देणगीचे होते, ते किमतीत नाहीत. गाठीचं तंत्र अमेरिकी करदात्याच्या पैशाने निघालं, तेही नाही. टोचण्याचा, गाड्यांचा, माणसांचा खर्च वेगळा, त्यातला मोठा वाटा गावी या आंतरराष्ट्रीय निधीचा. तेव्हा 'पाहा, स्वस्तात लस होऊ शकते' हे म्हणताना 'कुणीतरी आधीच पैसे भरले असतील तर' हे पुढे जोडावं लागतं. सिरमने धर्मादाय केला असंही मी म्हणणार नाही. तिला कॉन्ज्युगेट लशीची विद्या मिळाली, आणि त्या विद्येचं पुढचं फळ, न्यूमोसिल ही न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची लस, डिसेंबर २०१९ मध्ये पूर्वपात्र ठरली. सौदा दोन्हीकडून रास्त होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट टोचणारी आहे. आफ्रिकेच्या पट्ट्यातली कोट्यवधी माणसं पुण्यातल्या एका कंपनीवर विसंबली. सुदैवाने मेनआफ्रिव्हॅकच्या बाबतीत त्याची झळ बसली नाही. पण २०२१ मध्ये आपल्याकडे करोनाची दुसरी लाट आली, लशींची निर्यात थांबली, आणि कोव्हॅक्स या गरीब देशांना करोनाची लस पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनेवर भिस्त ठेवून बसलेले आफ्रिकेतले देश दुसरा डोस कुठून आणायचा या विवंचनेत पडले. त्या लाटेत आपण काय भोगलं हे मला चांगलं आठवतं, त्यामुळे निर्यात थांबवणाऱ्यांना नावं ठेवायला जीभ वळत नाही. एकाच ठिकाणी सगळं बनवण्याची किंमत मात्र पन्नास सेंटमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती.

आणि तिसरी, अटीनेच घडवलेली. चार गटांची कॉन्ज्युगेट लस अमेरिकेत २००५ मध्येच आली होती, पण पन्नास सेंटमध्ये चार साखरा बसत नव्हत्या, एकच बसत होती. म्हणून 'ए' निवडला. आकड्यांकडे पाहता निवड बरोबर होती. पण २०१५ मध्ये नायजरमध्ये 'सी' गटाची साथ आली: साडेआठ हजार रुग्ण, पाचशेहून अधिक मृत्यू. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी रांगेत उभं राहून लस घेतली, त्यांच्या दृष्टीने मेनिंजायटिस गेला होता आणि तो परत आला होता. जंतूच्या गटांची नावं त्यांना कोण सांगणार, आणि सांगून उपयोग काय?

पुढच्या लशीचं काम तोवर सुरू झालेलं होतं. सिरम आणि पाथ यांनी ब्रिटिश सरकारच्या निधीतून पाच गटांची मेनफाइव्ह बनवली: ए, सी, डब्ल्यू, वाय आणि तोवर कुठल्याच लशीत नसलेला एक्स. तेरा वर्षं लागली. जुलै २०२३ मध्ये पूर्वपात्रता मिळाली, आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरिया ती वापरणारा पहिला देश ठरला. तिच्यातल्या तीन साखळ्यांना वेगळं प्रथिन जोडलेलं आहे. 'ए' आणि 'एक्स' यांच्या गळ्यात मात्र अजून धनुर्वाताचंच टॉक्सॉइड आहे.